व्हिटॅमिनची म्हणून दिलेली गोळी

जिन्याखालच्या अरुंद खोलीत रफूवाल्या ताईंचं दुकान होतं. कोटाला पडलेलं भोक त्या असं बुजवत की मालकालाही शोधून सापडू नये. पण मध्यंतरी त्या सुई हातात धरून नुसत्याच बसायला लागल्या. जेवण जाईना, कशात जीव रमेना. डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या. पहिलीने काही फरक पडला नाही. दुसरी लागू पडली, तीही सावकाश. ताई पुन्हा माणसात आल्या आणि त्या गोळीवर त्यांची श्रद्धाच बसली.

पुढे कॉलेजात जाणाऱ्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण अपघातात गेली. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आपलंच दुखणं हिला लागलं, या धास्तीने ताईंनी कुणालाही न विचारता आपल्या पाकिटातली गोळी तिला रोज द्यायला सुरुवात केली. व्हिटॅमिनची आहे म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत पोरीची झोप उडाली. एका जागी बसवेना. एका दुपारी ती दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मला माझीच भीती वाटतेय."

ताईंनी हातातलं काम टाकलं, शटर ओढलं आणि तिला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेल्या. तिथे लेकीसमोरच सगळं सांगावं लागलं. डॉक्टर रागावले नाहीत, ते ताईंना जास्त लागलं.

"तुम्ही आजारी होतात. ही दुःखात आहे," एवढंच ते म्हणाले. मग समजावलं, की आजार खोल असेल तिथे हे औषध जास्त उपयोगी पडतं, तेही सगळ्यांना नाही. कोवळ्या वयात सुरुवातीला अशी तगमग होऊ शकते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. हिची गोळी थांबवू, आधी कुणाशी तरी बोलू दे. नाहीच सावरली तर पुन्हा बघू.

"मग माझीही बंद करा," ताई खाली मान घालून म्हणाल्या.

"शिक्षा म्हणून औषध सोडायचं नसतं."

घरी पोचल्यावर लेक चपला काढता काढता म्हणाली, "गोळीचं काही नाही गं. तू खोटं बोललीस."



लेक समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. मैत्रिणीबद्दल बोलली, पोटभर रडली, हळूहळू सावरली. आता ती फोनवर खिदळतेही. पण साध्या सर्दीची गोळी आईने पुढे केली, तरी पाकीट उलटून आधी नाव वाचते. तोवर ताई पाण्याचा पेला धरून उभ्या राहतात.