बर्फाच्या खाडीत मला कोणी हाक मारली?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मंचरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. कुणाच्या अंगात येतं, कुणाला बाहेरचं लागलंय, असं काही सुरू झालं की मी सरळ उठून जाते. त्यामुळे हे इथे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... पण मनात ठेवणंही जमेना.

माझी मुलगी नॉर्वेत नोकरीला आहे. तिने हट्टाने मला आणि संजयला – माझ्या नवऱ्याला – स्वालबार्डच्या क्रूझवर पाठवलं. उत्तर ध्रुवाच्या अलीकडची ही बेटं. दोन्हीकडे काळे उभे डोंगर, मध्ये समुद्राची चिंचोळी खाडी – तिला तिकडे फ्योर्ड म्हणतात – आणि पाण्यावर तरंगणारा बर्फ. जहाज त्याला घासून पुढे सरकायचं तेव्हा खालून कर्रर्र असा आवाज यायचा आणि मी कठडा घट्ट धरायचे. फोनला रेंज नाही. संजय मात्र फोटो काढत सुटलेला!

त्या दिवशी जेवणानंतर आम्हाला रबरी बोटींतून किनाऱ्यावर नेलं. समोर हिमनदी, पायाखाली नुसते गोटे. आमची गाइड इंग्रिड, तिशीतली नॉर्वेजियन मुलगी, खांद्याला बंदूक. पांढऱ्या अस्वलांची भीती असते ना. लाल झेंडे रोवले होते, त्यांच्या पलीकडे कुणी जायचं नाही असं तिने बजावलं.

"आपल्या निमगावला उसात बिबट्या, इथं अस्वल," संजय म्हणाला. "आपली काय सुटका न्हाई राव."

मी हसले, पण मान सारखी मागे वळत होती.

मग धुकं उतरलं. इतकं झपाट्याने की जहाज दिसेनासं झालं. इंग्रिडने सगळ्यांना बोटींकडे पिटाळलं. मी आणि संजय शेवटी होतो, आमच्या मागे फक्त ती. आणि झेंड्यांच्या पलीकडच्या दगडी उंचवट्यामागून हाक आली –

"भुरेऽऽ... ए भुरेऽऽ!"

लहानपणी माझे केस भुरकट होते. मला भुरे म्हणणारा जगात एकच माणूस, माझा थोरला भाऊ विलासदादा. आळेफाट्याला त्याचं गॅरेज होतं. एका सकाळी स्पेअर पार्ट आणायला म्हणून नाशिकच्या एसटीत बसला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, दवाखाने पालथे घातले... काही नाही. बरीच वर्षं झाली त्याला.

मी थिजले. भास असणार, दुसरं काय! तेवढ्यात पुन्हा आली, या वेळी जवळून.

"ए भुरे, थांब की गं!"

पाय कधी वळले कळलंच नाही. एक झेंडा ओलांडला तेव्हा इंग्रिडने माझं जाकीट मागून गच्च धरलं. मला वाटलं, आता ओरडणार. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. उंचवट्याकडे बघत होती. चेहरा पांढराफटक.

"तिकडे कोण आहे?" तिने इंग्रजीत विचारलं. "तुमच्यापैकी कोणी मागे राहिलंय का?"

"तुम्ही... ऐकलंत?"

"माणूस ओरडतोय. बूरे... बूऽरे. हे नाव आहे का कुणाचं?"

मी तिचा दंड पकडला. संजय आळीपाळीने आम्हा दोघींकडे बघत होता. "काय झालं? कसला आवाज?" त्याने काहीच ऐकलं नव्हतं. शेजारी उभा होता, तरी!

इंग्रिडने वायरलेसवर जहाजाला कळवलं. आमचे सगळे प्रवासी बोटींत होते. जवळपास दुसरं जहाज नव्हतं. मग तिने आम्हाला बोटीत बसायला लावलं. मी रडून सांगत होते, "तो तिथे आहे, असं सोडून कसं जायचं?" संजयने मला अक्षरशः उचलून बसवलं. बोट निघाली तसा किनारा धुक्यात विरत गेला आणि मी त्या उंचवट्याच्या दिशेने "दादा, दादा" करत राहिले.

धुकं हटल्यावर इंग्रिड आणि आणखी दोघं पुन्हा गेले. उंचवट्यामागे बर्फाचा सपाट पट्टा होता म्हणे. त्यावर कोल्ह्याची पावलं होती. माणसाचं पाऊल कुठेच नव्हतं. उतरायच्या दिवशी इंग्रिडने माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही.

संजय म्हणतो वारा असेल, पक्षी असेल. मीही पोरांना प्रतिध्वनी शिकवते. पण प्रतिध्वनीला आधी कुणालातरी ओरडावं लागतं. आणि 'भुरे' हा शब्द त्या मुलीच्या तोंडी आला कुठून?

आईला सांगू नकोस, असं संजयने निक्षून सांगितलं होतं. पण माहेरी अवसरीला गेले आणि मला राहवलं नाही. आई शेंगा फोडत होती. हात थांबले तिचे.

"आवाज कसा व्हता गं? दमल्यावानी?"

"नाही गं. नेहमीसारखाच."

तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "तिथं लई गार असंल ना? अंगात काय व्हतं त्याच्या?"

आईचा तो प्रश्न ऐकल्यापासून मला धड झोप नाही...