बारा खुंट्या

मिस्त्रींशी वाद घालून कोणी जिंकल्याचं कोणाला आठवत नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. माप एकदा घेतलं की एक सूत इकडचं तिकडे व्हायचं नाही, आणि मत एकदा बनलं की तेही हलायचं नाही. दुरुस्तीला आलेल्या खुर्चीवर नुसता तळवा टेकवायचे, दुसऱ्या हाताने टकटक करायचे आणि सांगायचे, "मागचा पाय आतून पोखरलाय." आणि पोखरलेला असायचाच! मग अशा माणसाला त्याची चूक दाखवणार कोण?

दाखवायला गेली ती त्यांची सून. नात तेव्हा आठ महिन्यांची होती. एवढुशी जन्मली म्हणून मिस्त्रींनीच तिचं नाव टिल्ली पाडलेलं. एके दिवशी तिच्या पाठीमागे पत्र्याचा डबा पडला. खिडकीतलं मांजर उडी मारून पळालं, पण टिल्लीने मानसुद्धा वळवली नाही. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणून सून भीतभीत सासऱ्यांकडे आली.

"बाबा, टिल्लीला ऐकू येत नाही की काय, असं वाटतंय. डॉक्टरांना दाखवू या का?"

"काहीतरीच काय तुझं!" मिस्त्री कडाडले. टिल्लीला उचललं, खाली कारखान्यात नेलं, कामाच्या लांबलचक टेबलावर बसवलं आणि तिच्या पाठीमागे, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, हातोडा मारला. टिल्ली गर्रकन वळली. पुन्हा मारला, पुन्हा वळली. "बघ! आणि म्हणे ऐकू येत नाही. आमच्या घरात सगळे उशिराच बोलतात."

सून टिल्लीला उचलून वर घेऊन गेली. पुढच्या दोन वर्षांत तिने आणखी दोनदा विषय काढला, आणि दोन्ही वेळा मिस्त्रींनी तिला टेबलापाशी नेऊन हातोड्याने उत्तर दिलं. शेवटी बालवाडीच्या बाईंनीच चिठ्ठी दिली, मुलगी तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नाही, आधी कान तपासा.

मग दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. एक मात्र कबूल करायला हवं, नातीसाठी मिस्त्रींनी जेवढी धावपळ केली तेवढी दुसऱ्या कोणी केली नसती. एका तपासणीसाठी मुलगी गाढ झोपलेली हवी होती, म्हणून पहाटेपासून तिला जागं ठेवायचं होतं. मिस्त्री पाच तास घोडा झाले. गुडघे सोलले, पण पोरीला डुलकी लागू दिली नाही. मग औषध पाजल्यावर ती त्यांच्या खांद्यावर झोपली, डोक्याला तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडले, आणि पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ राहिली.

"झोपेत कोण ऐकतं हो?" मिस्त्री म्हणाले.

"कान झोपत नाहीत, आजोबा," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

स्कॅनच्या मोठ्या मशीनला टिल्ली घाबरू नये म्हणून त्यांनी घरी प्लायवूडचा बोगदा बनवला आणि आठवडाभर तिला आतबाहेर सरकवलं. ती हसत हसत मशीनमध्ये गेली. कानाची आतली रचना आणि नस ठीक निघाली.

डॉक्टरांनी मिस्त्री आणि सून दोघांना समोर बसवून नीट समजावलं. ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवता येईल. पण आधी तीन महिने बाहेरून लावायचं साधं श्रवणयंत्र वापरून बघायचं. त्याने ऐकू आलं तर ऑपरेशन नको. नाही आलं तर एक दिवसही दवडायचा नाही, कारण वय वाढतं तसं बोलणं शिकणं अवघड होत जातं.

झालं! मिस्त्रींच्या जिवात जीव आला. श्रवणयंत्राचा प्रश्न आपण सोडवू, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. शेवटच्या तपासणीत आवाज आला की मुलाने एक खुंटी भोकात घालायची असते, हे कळल्यावर त्यांनी बारा गुळगुळीत खुंट्या आणि बारा भोकांची फळी तयार केली. रोज टिल्लीला यंत्र लावून टेबलावर बसवायचं, पाठीमागे ठोका मारायचा. ठोका की खुंटी, ठोका की खुंटी. एकदाही चुकली नाही. सूनबाई दारात उभी राहून बघायची.

तीन महिने संपले. तपासणीची खोली चारही बाजूंनी गादीसारखी मढवलेली होती. टिल्ली आजोबांना सोडेना, म्हणून ती त्यांच्याच मांडीवर बसली. पुढ्यात घरचीच फळी. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडे, सून कोपऱ्यात. स्पीकरमधून बारीक शिटी आली, टिल्लीने खुंटी घातली. पुन्हा आली, पुन्हा घातली. पाच खुंट्या झाल्या तेव्हा मिस्त्रींनी सुनेकडे असं बघितलं की काय सांगू!

पण बाईंच्या कपाळाला आठी पडली. आवाज इतका हळू केला तरी मुलगी ओळखते आणि झोपेतली रेघ सरळ? त्या आत आल्या आणि मिस्त्रींच्याच कानांवर हेडफोन चढवला. "तुम्हाला काही ऐकू यायला नको, आजोबा." त्यात नुसती खरखर होती.

आता मिस्त्रींना शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या. टिल्ली खुंटी हातात धरून बसली होती. काचेपलीकडे बाई बटण दाबताना दिसत होत्या, पुन्हा दाबत होत्या. खुंटी हातातच. अवघडल्यामुळे मिस्त्रींनी पाय जरासा हलवला, आणि टिल्लीने चटकन खुंटी भोकात घातली.

मिस्त्रींनी मुद्दाम मांडी आवळली. टिल्लीने पुढची खुंटी घातली. पुन्हा आवळली. पुढची घातली, आणि मान वर करून हसली.

अरे देवा! शिटी येताच आपली मांडी आवळत होती, आणि पोरगी ती वाचत होती. आणि ते टेबल? ठोका लाकडातून तिच्या अंगात जात होता. दोन वर्षं! तळव्याने लाकडातली कीड ओळखणारा मी, आणि मला हे कळू नये?

मिस्त्रींनी हेडफोन काढला. "बाई, हिला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "ही माझ्या मांडीवरून ओळखते. आधीच्या पाच खुंट्या खोडा, नाहीतर ऑपरेशन लांबेल."

पुढचं भराभर ठरलं. ऑपरेशन पंधरा दिवसांनी. ऐकू येईल, डॉक्टर म्हणाले, बोलण्याचं मात्र खात्रीने सांगता येत नाही, दोन वर्षं आधी आणली असती तर गोष्ट वेगळी होती. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "पहिली शंका कधी आली?"

"अलीकडेच," सून खाली बघत म्हणाली. "आमच्या लक्षात आलं नाही."

"खोटं आहे," मिस्त्री म्हणाले. "आठव्या महिन्यात. आईला आली होती. आजोबांनी अडवलं. लिहा तसं."

डॉक्टरांनी लिहिलं.

बाहेर बाकावर तिघं बसली. टिल्ली मध्ये, तिच्या मांडीवर रिकामी केलेली फळी आणि खुंट्या.

"तू तेव्हाच सांगितलं होतंस," मिस्त्री म्हणाले.

"हो, बाबा."

जाऊ दे, असं ती म्हणाली असती तर फार बरं वाटलं असतं. ती म्हणाली नाही. तिने पिशवीची कड नीट केली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. म्हणायला हवं होतं असं मिस्त्रींनाही वाटलं नाही.

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड झाकलं. आवाज आला नाही, पण सगळं अंग गदगदू लागलं, आणि गुडघाही. टिल्लीने एक हात त्या गुडघ्यावर ठेवला होता. तिने एक खुंटी घातली. मग दुसरी. मग तिसरी. बाराच्या बारा भरल्यावर तिने त्यांच्या तोंडावरचा पंचा ओढला आणि शाबासकीसाठी त्यांच्याकडे बघितलं.