पाठमोरी वाटणी

साठ सालानंतरची गोष्ट. मी ढाणकीकडच्या एका गावात मास्तर होतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघे मित्र पैनगंगेच्या डोहात डोंग्यातून मासे धरायला जायचो. डोंगा आमच्यातल्या ढिवराचा, एकाच खोडातून कोरलेला. तिसरा गावचा शिंपी.

त्या दिवशी मला मरळ हवी होती. बायको बाळंतीण होती, तिला दूध कमी येत होतं. मरळीचा रस्सा द्या, असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी हा विषय मित्रांजवळ काढला नाही. मागायची लाज होती, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांवर माझा भरवसा उरला नव्हता.

त्याला कारण वाटणी. पळसाच्या पानांवर चार वाटे पडत, तीन माणसांचे आणि एक डोंग्याचा, म्हणजे डोंगेवाल्या ढिवराचाच. डोंगेवाला नदीकडे तोंड करून बसे. शिंपी एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारी, "हा कोणाचा?" न बघता तो नाव सांगे. पण चांगल्या माशाची पाळी आली की शिंपी हटकून म्हणे, "अन् हा?" मग तो वाटा कधी डोंग्याचा निघे, कधी शिंप्याचा. माझा कधीच नाही.

सकाळी डोंगा सोडताना दोघे कुजबुजले आणि मी जवळ जाताच गप्प झाले.

"घरी बरं हाये नं गुरुजी?" शिंप्याने विचारलं. हा चौकशी कशाला करतो, असं माझ्या मनात आलं.

डोहात मी त्यांच्याकडे बघायला वळलो, तसा डोंगा कलला.

"हालू नोका," डोंगेवाला म्हणाला. "पोहता येते का तुमाले?"

"येते नं," शिंपी म्हणाला. "फळ्यावर."

दोघे हसले. मी हसलो नाही. दुपारी शिंप्याच्या बेडकी लावलेल्या गळाला हातभर मरळ लागली. दिवसभरात मोठा मासा तेवढाच. तो डोंग्याच्या तळाशी आपटत होता, आणि ह्या दोघांनी तो आधीच वाटून घेतला असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

काठावर आल्यावर मी म्हणालो, "आज मी विचारतो."

शिंप्याने डोंगेवाल्याकडे पाहिलं. "विचारा नं. कोणी ना म्हणलं?"

वाटे मीच लावले. पहिल्या दोन पानांना "हा कोणाचा?" म्हटलं. मरळीवर बोट ठेवलं आणि शिंप्याच्याच सुरात विचारलं, "अन् हा?"

डोंगेवाल्याची पाठ ताठ झाली. तो म्हणाला, "गुरुजीचा."

मला ऐकायचं होतं ते हे नव्हतं. तरी मी बोलून गेलो, "तुमचा इशारा ठरलेला आहे. मला कधीचं माहीत आहे."

तो वळला. "हाये नं. माही माय अंथरुणावर होती, तवा होता. याच्या घरी दुखणं होतं, तवाबी होता. आज तुमच्या घरी बाळंतीण हाये."

"मग सरळ सांगायचं."

"सांगून देल्लं तर तुमी घेतलं असतं का?" शिंपी म्हणाला. "वाट्यात आलं म्हणजे कोणाचा उपकार नाई."

मी मरळ घेऊन घरी आलो. बायको पोटभर जेवली. मी रश्श्याला हात लावला नाही.

पुढच्या खेपेला डोंगेवाल्याने पाठ फिरवलीच नाही. प्रत्येकाच्या खुणेचे खडे मुठीत हलवून पानांवर टाकायचे, असं त्याने ठरवलं. आता लबाडीला जागा उरली नव्हती. उन्हाळ्यात शिंप्याचा मुलगा मोठ्या तापातून उठला. त्या आठवड्यातली मरळ खड्याने माझ्याकडे आली. मी ती उचलून शिंप्याच्या पानावर ठेवली.

त्याने ती परत माझ्या पानावर ठेवली. "नाई गुरुजी," तो म्हणाला, "आता खडा म्हणन तेच."