घोडीची पाठ

आमचे अण्णा थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना घोडीवरून फिरवायचे. घर तिच्यावरच चालायचं, म्हणून आम्हा भावंडांना तिच्यावर बसायची बंदी. "तिची पाठ गिऱ्हाइकासाठी राखायची," अण्णा बजावायचे.

घराण्यातली पहिली पदवीधर मी. आता घोडेस्वारीतून अपंग मुलांवर उपचार करणाऱ्या केंद्रात मदतनीस आहे. "बीए होऊन शेवटी लगामच धरलास ना, बये!" अण्णा चिडवतात.

आज केंद्रातल्या घोडीवर छोटी आर्या होती. ती चालत नाही, आजवर कधी बोललीही नव्हती. मुलाने 'चल' म्हटल्याशिवाय घोडी हलवायची नाही, ही आमची रीत. तिचे बाबा विनवत होते, "म्हण की गं राणी, चल!" मी तिचा पाय धरून उभी होते आणि खरं सांगते, तिच्यावर जळत होते. एवढ्याशा पोरीवर! हेवा वय बघत नाही, शिक्षणही बघत नाही. इथेही घोडीची पाठ मुलांसाठीच; तिच्यावरून जग कसं दिसतं, ते मला अजून माहीत नाही.

घोडीने शेपटीने माशी उडवली. आर्याचा पाय माझ्या हातात थरथरला.

"च... ल."

घोडी निघाली. जळफळाट होताच, पण पाय मी घट्ट धरला होता. आर्या आज पहिल्यांदा बोलली.