चेष्टाबाबू

चेष्टाबाबूंनी कुणाला सरळ 'हो' म्हटल्याचं मला आठवत नाही. 'नाही' तर त्याहून नाही. कसलंही काम घेऊन जा, ते चष्मा कपाळावर चढवत, क्षणभर छताकडे बघत आणि म्हणत, "चेष्टा कोरबो." पहिल्याच भेटीत त्यांनी मला हे ऐकवलं आणि माझं डोकं फिरलं.

ह्यांची बँकेतली बदली होऊन आम्ही नागपूरहून कोलकात्याला, बालीगंजला राहायला आलो, त्याला जेमतेम महिना झाला होता. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून ह्यांनी हौसेने गिअरची सायकल घेतली. आठवड्यात ती पंक्चर झाली आणि नेहमीप्रमाणे निस्तरायला माझ्या गळ्यात पडली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांबाहेर कायम पाच-सहा सायकली उभ्या असत. वरची पाटी बंगालीत होती, ती मला वाचता येत नव्हती. पण पाटीवर सायकलचं चित्र होतं. म्हणजे दुकानच, असं समजून मी सायकल आत ढकलली. टेबलाशी एक सत्तरीचे गृहस्थ नकाशावर मान वाकवून बसले होते. मी हिंदीत विचारलं, पंक्चर काढून मिळेल का? त्यांनी चष्मा वर चढवला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "चेष्टा कोरबो."

आता परक्या गावात, ओळखदेख नसताना, एखाद्याने तोंडावर सांगावं की मी तुमची चेष्टा करणार? मी म्हटलं, "खुशाल करा!" आणि सायकल तिथेच टाकून तरातरा घरी आले. संध्याकाळी आणायला गेले तर पंक्चर निघालेलं, चेनला तेल दिलेलं, घंटीसुद्धा पुसून लख्ख केलेली. किती झाले विचारलं तर गृहस्थ हात जोडून म्हणाले, "ये दुकान नहीं है, दिदि. संस्था है." आणि माझ्या हातात एक पत्रक दिलं. शहरात सायकल चालवणाऱ्यांना रस्त्यावर जागा मिळावी म्हणून खटपट करणारी ती संस्था होती आणि मी तिच्या खुद्द सेक्रेटरींकडून पंक्चर काढून घेतलं होतं.

रात्री जेवताना हे सगळं ह्यांना सांगितलं तर हे ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्या ब्रँचमध्ये सगळे दिवसभर चेष्टाच करत असतात." दुसऱ्या दिवशी मी डबाभर चकल्या घेऊन माफी मागायला गेले आणि पुढची तीन वर्षं तिथेच रमले. त्यांचं खरं नाव निमाईबाबू. आमच्या घरात मात्र ते त्या दिवसापासून चेष्टाबाबू झाले.

संस्था म्हणजे फार मोठा कारभार होता असं नाही. पगारावर दोनच माणसं. एक चेष्टाबाबू आणि दुसरी बुल्टी नावाची पंचविशीतली चुणचुणीत मुलगी, जी मोबाइलवर नकाशे करायची आणि चेष्टाबाबूंना जेठू, म्हणजे मोठे काका, म्हणायची. बाकी येणारेजाणारे माझ्यासारखे हौशे. इंग्रजी पत्रं लिहायला कुणी नव्हतं, ते काम माझ्याकडे आलं. दर रविवारी बायकांना सायकल शिकवण्याचा वर्ग असे. दारावर त्याचा कागद लावला होता. बुल्टीने तो मला मोठ्याने वाचून दाखवला, "महिलादेर साइकेल शिक्षा." बायकांना सायकलची शिक्षा! चेष्टा आणि शिक्षा एकाच छपराखाली चालणारी दुसरी संस्था जगात नसेल. हा विनोद मी चेष्टाबाबूंना समजावून सांगितला. ते लहान मुलासारखे खूश झाले आणि पुढे आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला सांगत सुटले. प्रत्येक वेळी शेवट चुकवायचे.

नोकरीत असताना चेष्टाबाबू गार्डन रीचला जहाजांच्या कारखान्यात नकाशे काढत. तिथली शिस्त अंगात इतकी मुरली होती की हा माणूस चहाचं मातीचं भांडंसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचा. रस्ता मोजायची त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. त्यांच्या काळ्या, उंच, दांडीच्या सायकलच्या पुढच्या चाकात, एका तारेला लाल दोरा बांधलेला होता. सायकल हातात धरून चालायचं, लाल दोरा खाली आला की एक फेरा. बुल्टी म्हणायची, "जेठू, फोन दोन सेकंदांत सांगतो." त्यावर चेष्टाबाबू शांतपणे म्हणायचे, "फोन रस्ता देखता है. चाका रस्ता छूता है." आणि खरंच, फोनच्या नकाशावर नसलेला एकेक खड्डा त्यांच्या कागदावर असे.

या सगळ्या मोजमापाच्या मुळाशी एक रस्ता होता. स्टेशनकडून बाजाराकडे येणारा मोठा रस्ता. त्याच्या तोंडाशी लाल गोलात सायकल काढलेली मनाईची पाटी होती. पहाटेच्या लोकलने भाजीवाले, फूलवाले, मिठाईसाठी छाना म्हणजे ताजं पनीर आणणारे छानावाले उतरत, सायकलवर माल लादत आणि पाटी असली तरी जीव मुठीत धरून त्याच रस्त्याने जात. नाहीतर गल्ल्यागल्ल्यांतून मोठा वळसा. चेष्टाबाबू मिठाईच्या दुकानात कुणी भेटलं की हातातल्या संदेशकडे बोट दाखवून म्हणत, "ये छाना साइकिल पर बैठ के आया है. आप खा सकता है, वो आ नहीं सकता." समोरच्याचा घास हातातच राही.

पण स्वतः चेष्टाबाबू? पाटीपाशी आले की ते सायकलवरून उतरत. पँटला लावलेली क्लिप काढून खिशात ठेवत आणि सायकल हातात धरून पूर्ण रस्ता चालत जात. दोनशे ऐंशी फेरे. रस्ता मोकळा असो, पाऊस असो, शेजारून दहाजण घंटी वाजवत निघून जावोत, नऊ वर्षांत हा माणूस त्या रस्त्यावर एकदाही सायकलवर बसला नव्हता. मला हा हट्टीपणा वाटे. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "दिदि, जो चोरी से चलाता है, वो बोर्ड को मान लिया. हम नहीं माना. इसलिए उतरता है." हे तर्कशास्त्र मला कळायला बरेच दिवस लागले.

मग एका हिवाळ्यात त्यांचे गुडघे बोलू लागले. कानटोपी घातलेले चेष्टाबाबू सायकलवर टांग टाकताना दोनदा थांबतात, हे मला दिसत होतं. ते काही बोलले नाहीत, बुल्टीने सांगितलं. डॉक्टर म्हणालेत, फार तर वर्षभर. मग सायकल बंद. ती म्हणाली, "आंटी, जेठूला त्या रस्त्यावर एकदा सायकल चालवायचीय. हक्काने. बाकी त्यांना काही नको." त्या दिवशी मी घरी येऊन पहाटे पाच ते सकाळी आठ एवढ्यासाठी तरी रस्ता खुला करा, असं नवीन पत्र लिहायला घेतलं. एवढा जीव ओतून मी ह्यांनासुद्धा कधी पत्र लिहिलं नसेल.

पत्राला उत्तर नाही. दुसऱ्या पत्रालाही नाही. दर बुधवारी चेष्टाबाबू फाइल घेऊन वाहतूक खात्याच्या बाकावर बसून येत. आणि मग खबर आली की नवे आलेले साहेब मराठी आहेत. मला तर आकाश ठेंगणं झालं! कोलकात्यात मराठी माणूस भेटला की आपण सख्खा भाऊ भेटल्यासारखं करतो. महाराष्ट्र मंडळातून ओळख काढून मी वेळ मिळवली. चेष्टाबाबूंनी इस्त्रीचा पंजाबी घातला. बंगाली लोक सदऱ्याला पंजाबी म्हणतात, त्याचा पंजाबशी काही संबंध नाही. बुल्टीने नकाशाची गुंडाळी घेतली आणि आम्ही तिघं गेलो.

साहेब पस्तिशीचे, गंभीर, सांगलीकडचे. मी ठरवलं होतं, अगदी शुद्ध मराठीत, मुद्देसूद बोलायचं. पण तीन वर्षांच्या संगतीने जीभ बाटली होती. मी ताठ बसून म्हटलं, "साहेब, हे निमाईबाबू. हे गेली नऊ वर्षं तुमच्या खात्याकडे चेष्टा करताहेत. मीसुद्धा तीन वर्षं करतेय. आता तुमच्याकडे चेष्टा करायला आलोय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चेष्टा करायला?"

"हो. मनापासून."

"माझी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धरणीमाते पोटात घे, असं झालं. चेष्टाबाबूंना मराठी येत नव्हतं. पण माझा चेहरा पाहून आणि तो एक शब्द ऐकून त्यांना सगळं उमगलं. ते झटकन पुढे झाले आणि साहेबांना तो विनोद सांगू लागले. पंक्चर, चकल्या, चेष्टा, शिक्षा, सगळा. आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवट बरोबर सांगितला! साहेब आधी ओठ चावत होते, मग जे हसले ते डोळे पुसेपर्यंत. म्हणाले, "ताई, मला इथे येऊन चार महिने झाले. माझा शिपाई रोज सकाळी म्हणतो, 'सर, चेष्टा करता हूँ.' मी त्याला एकदा मेमो द्यायला निघालो होतो."

हसण्याने परवानगी मिळत नाही, हे मला कळतं. परवानगी त्या नकाशाने मिळवली. साहेब एकेका खड्ड्यावर बोट ठेवून विचारत होते आणि चेष्टाबाबू कागद न बघता सांगत होते. पण हसले नसते तर ती गुंडाळी उघडलीच गेली नसती. दोन महिन्यांनी मनाईच्या पाटीखाली एक लहान पाटी लागली. पहाटे पाच ते सकाळी आठ सायकलींना मुभा.

पहिल्या सकाळी आम्ही वीसेकजण पाटीपाशी जमलो. नागपूरला कॉलेजात असताना मी सायकलवर गाव पालथं घातलं होतं, म्हणून ह्यांची गिअरची सायकल घेऊन मीही आले होते. छानावाल्यांनी हार आणला होता. लांबून चेष्टाबाबू येताना दिसले. बुल्टीने फोन रोखून धरला. ते आले, पाटीपाशी पोचले, आणि उतरले. क्लिप काढून खिशात ठेवली आणि सायकल हातात धरून चालू लागले! नऊ वर्षांची सवय. आम्ही सगळे ओरडलो, "बोशून, बोशून!" बसा, बसा! ते गोंधळून थांबले, पाटीकडे पाहिलं, कपाळावर हात मारला, पुन्हा क्लिप लावली. टांग टाकायला तीनदा प्रयत्न करावा लागला. मग मात्र दोनशे ऐंशी फेरे हा माणूस असा गेला की मागून पायडल मारताना मला समोरचं काही दिसेना. मी रडत होते, हे सरळ सांगते.

दोन महिन्यांत ह्यांच्या परतीच्या बदलीची ऑर्डर आली. निघायच्या आदल्या दिवशी मी चेष्टाबाबूंना म्हटलं, सकाळी साडेसातला घरी या, एकत्र चहा घेऊ. त्यांनी चष्मा वर चढवला, छताकडे पाहिलं. पुढचं मीच म्हटलं आणि दोघं हसलो.

साडेसात झाले, पावणेआठ झाले. चेष्टाबाबू आले नाहीत. त्यांनी 'चेष्टा कोरबो' म्हणून एखादं काम केलं नाही, असं तीन वर्षांत कधी झालं नव्हतं. आठ वाजून गेले. डमडमला विमानतळावर पोचायचं होतं. चडफडत टॅक्सीत बसले. टॅक्सी त्याच मोठ्या रस्त्याला लागली आणि समोरून चेष्टाबाबू येताना दिसले. हात तेलाने काळे, सायकल हातात, चालत.

मी टॅक्सी थांबवली, उतरले आणि त्यांच्यावर भडकलेच. हे काय वागणं? वाटेत एका छानावाल्याची चेन तुटली, ती बसवत राहिले म्हणे. ठीक आहे, पण मग पुढे तरी सायकलवर बसून यायचं! पाच मिनिटांचाच तर प्रश्न होता. एखाद्या दिवशी, माझ्यासाठी, नाही का चालणार?

त्यांनी अपराध्यासारखी मान खाली घातली. "कागज पर आठ लिखा है, दिदि," ते म्हणाले. "वो कागज तो आप ही लिखा था."

मी ह्यांना पुढे जाऊन रस्त्याच्या टोकाला थांबायला सांगितलं. चेष्टाबाबूंनी सायकल फिरवली आणि आम्ही दोघं चालत निघालो. मी लाल दोऱ्याकडे बघत फेरे मोजत होते, मध्येच चुकले. शेजारून दोन-तीन सायकलवाले घंटी वाजवत निघून गेले. टोकाला पोचल्यावर मी वाकून नमस्कार केला. ते 'अरे अरे' करत मागे सरले आणि काळे हात माझ्या डोक्यापासून वीतभर वर धरून आशीर्वाद दिला.

"नागपूरला याल?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. काचेवर तेलाचं बोट उमटलं. छत नव्हतं, म्हणून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चेष्टा कोरबो."

टॅक्सीत बसले. ह्यांनी घड्याळ बघत विचारलं, "काय म्हणाले? येणार का?"

"हो म्हणाले," मी सांगितलं.