दाराबाहेरची वहिनी

माझी वहिनी कशाला म्हणून भ्यायची नाही. इस्पितळाच्या धुलाईघरात वाफाळत्या चादरींशी दिवसभर झुंजणारी बाई ती. मुकादमाचीही बोलती बंद करायची. आणि तीच बाई संध्याकाळी जिना चढून आली की स्वतःच्याच दाराबाहेर थबकून उभी राहायची. आत यायला घाबरायची. कुणाला? तर पोटच्या चौदा महिन्यांच्या पोराला!

तो दिवसभर माझ्याकडे, म्हणजे आत्याकडे. गुणी पोर. पोटभर खायचा, डब्यांची झाकणं वाजवायचा, खुदुखुदू हसायचा. वहिनी दिसली रे दिसली की मात्र भोकाड. तिने उचललं की पाय झाडायचा, पाठ ताठ करायचा, तिच्याच कुशीत तोंड खुपसून तिलाच ढकलायचा.

"ताई, मी त्याला नकोशी झालेय," ती एकदा म्हणाली. "अंगाला ब्लीचचा वास येतो, म्हणून का हो?"

"काहीतरीच तुझं!" मी म्हटलं खरं, पण धास्ती मलाही वाटत होती.

शेवटी तिने सोमवारपासून दुसरी पाळी मागून घेतली. तो झोपल्यावरच घरी यायचं. "निदान माझ्यामुळे रडणार तरी नाही," म्हणाली.

तो सोमवार उजाडायच्या आधीच, शनिवारी संध्याकाळी, ती यायच्या जरा आधी, पोर पलंगावरून पडलं. कपाळावर हे एवढं टेंगूळ. मी झटकन उचललं. खांद्यावर घेतलं, गार फडकं लावलं, झाकणं वाजवली. पण पोर रडेचना! ओठ थरथरत होते, नजर दाराकडे. डोक्याला मार लागला, आता हा डोळे मिटतो की काय, म्हणून मी त्याला सारखी हाका मारत राहिले.

जिन्यावर पावलं वाजली आणि रोजच्यासारखी दाराबाहेर थांबली.

"वहिनी, अगं आत ये आधी!" मी ओरडले.

ती आत आली आणि पोराने जो टाहो फोडला, की शेजारीपाजारी धावले. दोन्ही हात तिच्याकडे. तिने घेतलं तसा मानेला चिकटला, आणि टेंगूळ तिच्या गालावर घासत हमसून हमसून रडला.

डॉक्टरांनी तपासलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. परतताना वहिनीने रस्त्यातच मुकादमाला फोन लावला. "माझी पाळी आहे तीच राहू द्या. माझं पोर रडायला माझी वाट बघतं."

ती पुढे चालत होती, तो तिच्या खांद्यावर गाढ झोपला होता. मी मागून त्याचे बूट घेऊन येत होते. सहज माझा खांदा चाचपला. इतकं लागलं होतं त्याला, तरी तिथे एक थेंबही गाळला नव्हता.