विलासरावांची अर्धली

विलासराव कुठल्याही यंत्राला जनावरासारखा हात लावून बघतात. आमच्या नव्या फ्रीजच्या पाठीवरूनही त्यांनी हात फिरवला आणि विचारलं, "खाती किती ही?" विजेबद्दल विचारत होते. ते माझे धाकटे साडू. सुप्याला त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. मी इंदापूरच्या एका पतसंस्थेत हिशेबनीस आणि मोठा जावई. सासरवाडीतला मोठ्या जावयाचा मान त्यांच्या लग्नापासून हळूहळू त्यांच्याकडे सरकला आणि मला ते फार खुपायचं.

सासूबाई गेल्या आणि काटेवाडीच्या घरात आबा, आमचे सासरे, एकटे उरले. गुडघे धरल्यामुळे गाई विकाव्या लागल्या. त्या दिवाळीत विलासरावांनी एक जुना लॅपटॉप आणि पेनड्राइव्हएवढं यंत्र आणलं. ते यूएसबीत खोचलं की दिवसरात्र आकडेमोड करतं आणि त्याबद्दल बिटकॉइनचा कणभर वाटा मिळतो.

"आबा, ही अर्धलीनं देतो तुमाला," विलासराव म्हणाले. अर्धली म्हणजे शेळी मालकाची, चारा-राखण दुसऱ्याची, करडं निम्मी-निम्मी. "यंत्र माजं, लाइट तुमची. जे व्हईल ते निम्मं. तापती लई, तेवढं बगावं लागंल."

आबांनी लगेच खिडकीशी जागा केली.

मला राहवेना. जेवताना मी हिशेब मांडला. नवी असताना ही यंत्रं महाग होती, आता कमाई उरली नाही म्हणून स्वस्तात मिळतात. स्वस्त म्हटलं तरी काही हजार मोजायचे, आणि दिवसाकाठी रुपयासुद्धा सुटत नाही. लॅपटॉपची वीज धरली तर किंमत राहो बाजूला, विजेचं बिलही निघणार नाही. विलासरावांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. ते शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "व्हय, तोट्यातच हाय. आबांस्नी आदीच सांगितलंय." आबांनी मान डोलावली आणि विलासरावांच्या ताटात आणखी कालवण वाढायला लावलं.

मग रोज संध्याकाळी आबांचे सुप्याला फोन सुरू झाले. "आज तापली व्हती, पंखा जवळ घेतला." "मदीच लाइट गेली, परत चालू क्येली." आमच्याकडे फोन यायचा तो सणासुदीला, तोही बायकोसाठी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी मी विलासरावांच्या दुप्पट किमतीचं, त्याच विजेत जास्त कमाई करणारं नवं यंत्र मागवलं आणि आबांच्या हातात ठेवलं. "वाटा-बिटा काही नको, आबा. सगळं तुमचंच."

काही आठवड्यांनी गेलो तर माझं यंत्र शोकेसमध्ये, खोक्यातच होतं. वर हळदकुंकू वाहिलेलं.

"हे लावलं नाही, आबा?"

"तुमची भेट हाय ती, जावईबापू. जपून ठिवलीय."

"आणि ती चालू आहे ती?"

"ती इलासरावांची हाय. दुसऱ्याचं जनावर उपाशी ठिवून चालतंय व्हय?"

विलासरावांना मी हे जरा तिरकसपणेच ऐकवलं. ते म्हणाले, "आमच्यात म्हाताऱ्या माणसाला फुकाट काय देत न्हाईत, सुरेशराव. फुकाट दिलं की माणूस नुसता बसून ऱ्हातो." हे त्यांना सुचावं आणि आयुष्यभर नफातोटा मांडणाऱ्या मला सुचू नये, याचा मला त्या क्षणी त्यांच्या मानापेक्षाही जास्त हेवा वाटला.

शेवटच्या आजारात आबांना बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. विलासराव औषधं आणायला खाली गेले होते, मी उशाशी बसलो होतो. आबांनी डोळे न उघडताच विचारलं, "इलासराव, आला का?"

खोलीत मी एकटाच होतो.

"आलो, आबा," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात घट्ट धरला. इतकी वर्षं मी त्यांचा जावई होतो, पण माझा हात त्यांनी असा कधी धरला नव्हता.